तड्याची वाट

गाडीखाली पाठीवर पडून विजेरीचा झोत स्टिअरिंग बॉक्सवर टाकला, तर तडा लगेच दिसत नाही. आधी दिसते ती तांबूस पूड. बोल्टच्या वायसरभोवती ती कुंकू सांडल्यासारखी पसरलेली असते. बाकी चासीवर चिखल आणि जुनं ग्रीस, आणि तेवढ्या गोलात मात्र ही कोरडी, बारीक पूड. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर केसभर सरकत राहिले की त्यांचा कीस निघतो आणि तो हवेत गंजून असा तांबूस होतो. म्हणजे बोल्टनं घट्ट धरून ठेवायची ती जागा गेले कित्येक महिने हलते आहे.

आता गाडीची चाकं जमिनीवरच राहू द्यायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना ओट लावायची आणि इंजिन चालू करून कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगायचं. आपण बाजूला राहून फक्त बघायचं. हात आत घालायचा नाही. चाक जमिनीवर घासायला लागतं त्या क्षणी बॉक्स एका अंगाला कलतो आणि त्याच्यामागची चासीची भिंत डब्याचं झाकण दाबावं तशी आत जाते, बाहेर येते. बोल्टच्या भोकापासून खालच्या कडेकडे एक काळी रेघ उघडते आणि स्टिअरिंग सरळ झालं की मिटते. ही रेघ म्हणजे आपला तडा.

हे चित्र ज्या गाड्यांच्या बाबतीत मेकॅनिकांच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे, त्या म्हणजे जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातल्या पिकअप. शेव्हरले आणि जीएमसी या दोन नावांनी त्या विकल्या गेल्या. अमेरिकेत त्यांना प्रेमानं ‘स्क्वेअर बॉडी’ म्हणतात, कारण अंगानं त्या चौकोनी. मागची दोनच चाकं ओढणारी ती ‘सी’ मालिका आणि चारही चाकं ओढणारी ती ‘के’ मालिका. तड्याची तक्रार ऐकू येते ती मुख्यतः ‘के’बद्दल. त्याच घराण्यातली ब्लेझर १९९१ पर्यंत जवळपास त्याच हाडापेरानं निघत राहिली. अमेरिकन सैन्यानंही १९८४ ते १९८७ या काळात हीच गाडी ६.२ लिटरचं डिझेल इंजिन बसवून घेतली. एम १००८ ही पिकअप आणि एम १००९ ही ब्लेझर. आज त्यांचं वय चाळिशीच्या आगेमागे आहे, तरी मिशिगन-व्हरमाँटसारख्या बर्फाळ राज्यांत अशा जुन्या पिकअप पुढं लोखंडी फाळ लावून अंगणातला बर्फ लोटत असतात. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरांना हे दृश्य हिवाळ्यातल्या पहाटेचं म्हणून चांगलं ठाऊक असेल. फाळाचं वजन पुढच्या आसाच्याही पुढं लोंबकळतं, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ चासी खातं, आणि ड्रायव्हर जागच्या जागी स्टिअरिंग पिळून गाडी वळवत राहतो. तडा जायला यापेक्षा अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही.

पण तडा चासीच्या नेमक्या त्याच जागी का जातो? हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

स्टिअरिंग बॉक्सचं काम म्हणजे गोल फिरण्याचं रूपांतर एका दांड्याच्या झुलण्यात करणं. त्या दांड्याला आपल्याकडचे फिटर ड्रॉप आर्म म्हणतात. साध्या दोन-चाकी ओढीच्या पिकअपमध्ये हा आर्म आडवा, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे झुलतो. ‘के’ मालिकेत तो पुढं-मागं झुलतो. तिथून ड्रॅग लिंक नावाची लांब सळी चासीच्या कडेनं, तिला जवळपास समांतर जाते आणि डाव्या चाकाच्या नकलवरचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या जोडावरचा, हात ढकलते किंवा ओढते. उजवं चाक दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या मार्फत मागोमाग वळतं. दोन्ही चाकं वळवायचा सगळा जोर त्या एकाच ड्रॅग लिंकमधून येतो आणि जितका जोर चाकाला लागतो, नेमका तितकाच उलट दिशेनं बॉक्सला लागतो. बॉक्स तो जोर स्वतःजवळ ठेवू शकत नाही. तीन-चार बोल्टांतून तो चासीच्या हवाली करतो.

एक ढोबळ हिशेब मांडू. समजा ड्रॉप आर्म १५ सेंटिमीटर लांब आहे आणि ड्रॅग लिंकमध्ये ५०० किलोचा जोर आहे. मोठे टायर, डांबरी रस्ता आणि उभी गाडी असली तर हा आकडा अवास्तव नाही, कारण पॉवर स्टिअरिंगमधल्या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पट सहज जातो. ५०० किलो गुणिले १५ सेंटिमीटर, म्हणजे ७५ किलोग्रॅम-मीटरचा पीळ. बॉक्सचे बोल्ट एकमेकांपासून साधारण १० सेंटिमीटरवर असले तर हा पीळ तोलायला एका बाजूच्या बोल्टांनी ७५० किलोनं एकीकडे आणि दुसऱ्या बाजूच्यांनी तेवढ्यानंच दुसरीकडे ओढून धरायला हवं. शिवाय मूळचे ५०० किलो आहेतच. हे सगळं चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातल्या भोकांवर येतं.

इथवर पत्र्याची फारशी तक्रार नसते. स्वतःच्या सपाटीत ओढलं तर पोलाद फार चिवट असतं. त्रास होतो तो वेगळ्याच कारणानं. ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक चासीच्या भिंतीच्या सपाटीत नसतात. भिंतीपासून काही अंतरावर असतात. त्यामुळं प्रत्येक वळणाला बॉक्स भिंतीला नुसता ओढत नाही, तर तिच्यातून उचकटून निघाल्यासारखा वाकतो. वहीचं पान दोन्ही हातांनी ताणलं तर फाटत नाही, पण तेच पान एका कोपऱ्याला धरून फडफडवलं तर दुमडतं. पत्र्याचं तसंच आहे.

त्यात चासीचा आकार इंग्रजी ‘सी’सारखा, एका बाजूनं उघडा. ही उघडी पन्हळ उभं वजन उत्तम पेलते आणि स्वस्तात तयार होते, म्हणून ट्रकच्या चासीला शतकभर तोच आकार राहिला. पण पिळाला ती अगदी दुबळी. १५० मिलिमीटर उंच, ६० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड अशी पन्हळ घ्या आणि तिची उघडी बाजू त्याच जाडीच्या पट्टीनं बंद करून पेटी करा. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रानं पिळाचा कणखरपणा काढला तर बंद पेटी उघड्या पन्हळीच्या सुमारे साडेचारशे पट भरते. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचा बुटाचा खोका झाकणाशिवाय पिळून बघा, मग झाकण चिकटपट्टीनं चिकटवून बघा. हातालाच फरक कळतो. या एका फरकात दुरुस्तीचं निम्मं गुपित आहे.

उरलेलं निम्मं आहे भोकात. जर्मन अभियंता किर्शनं १८९८ साली गणितानं दाखवलं की ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असलं तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. १९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्यानं हीच गोष्ट लांबट भोकाला लावली आणि सांगितलं की भोक जितकं लांब आणि त्याचं टोक जितकं अणकुचीदार, तितका टोकापाशी ताण अधिक. तडा म्हणजे अत्यंत अणकुचीदार टोकाचं लांबट भोकच. इंग्लिसच्या सूत्रात २० मिलिमीटर लांबीचा आणि ०.०५ मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाचा तडा घातला तर टोकाशी ताण साधारण २९ पट निघतो. त्याच तड्याच्या टोकांना ६ मिलिमीटरची भोकं पाडली तर हाच आकडा पाचाच्या आसपास उतरतो. लोखंड काढून टाकल्यानं चासी सावरते, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

आणि हे एका दणक्यात होत नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि आगीत पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रँकिननं मोडलेले आस तपासून सांगितलं की भेग आसाच्या जाडी बदलण्याच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. नंतर जर्मनीत व्होलर या रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आस पुन्हा पुन्हा वाकवून मोजमाप केलं आणि १८७० पर्यंत हे पक्कं झालं की एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा आला तर धातू तुटतो. याला धातूची थकवण म्हणतात. स्टिअरिंग बॉक्समागची भिंत दर वळणाला एकदा वाकते. चाळीस वर्षांत अशी वळणं किती झाली असतील!

आपल्याकडच्या गॅरेजात तड्याचा उपाय एका शब्दात सांगतात, पट्टी मारणे. गाडी आली, तडा दिसला, त्याच्यावर वेल्डिंगची एक ओळ ओढली, वरून सापडेल ती जाड पट्टी चहूबाजूंनी जोडून टाकली. गिऱ्हाईक खूश, गाडी रस्त्यावर. आमच्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण या पद्धतीत पट्टी टिकते आणि चासी पट्टीच्या कडेला तुटते. कारण सोपं आहे. १२ मिलिमीटरची पट्टी ४ मिलिमीटरच्या भिंतीवर बसवली की पट्टीचा भाग वाकायचाच थांबतो आणि सगळं वाकणं पट्टी संपते त्या रेषेवर गोळा होतं. नेमकी तिथंच वेल्डिंगच्या उष्णतेनं धातूची मूळ घडण बदललेली असते. जोराची वाट तीच राहिली, फक्त अडथळा दोन बोटं पुढं सरकला. बळकटी द्यायची म्हणजे जोराला दुसरी, रुंद वाट काढून द्यायची.

आता कामाला लागू. बॅटरीची तार काढायची. चासीला लागून ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप जातात. ते सोडवून, बाजूला घेऊन, ओल्या गोणपाटानं झाकायचे आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं. गाडीचं वजन घोड्यांवर घ्यायचं, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ड्रॉप आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर पंचनं खूण करून ठेवायची. हा आर्म पुलरनंच निघावा. हातोड्याचे घाव घातले तर बॉक्समधल्या बेअरिंगवर आणि गोळ्यांच्या वाटांवर वळ उठतात, आणि चासी नीट करता करता बॉक्स निकामी होतो. तेलाचे पाइप, स्टिअरिंग शाफ्टचा जोड, बोल्ट, असं करत बॉक्स खाली घ्यायचा. बॉक्स जागेवर ठेवून वेल्डिंग करू नये. विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेला तर गोळे जळतात. वेल्डिंगची अर्थिंगही कामाच्या जागेजवळच, स्वच्छ घासलेल्या लोखंडावर लावायची.

बॉक्स निघाला की भिंत पूर्ण दिसते. ती तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासायची. ग्राइंडर घाईनं चालवला तर धातू तड्यावर पसरून त्याचं तोंड बुजवतो, म्हणून इथं ब्रशच बरा. मग डाय पेनेट्रंटची वेळ. लाल रंगाचं पातळ द्रव फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्यानं पुसून घ्यायचं आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. भिंत खडूसारखी पांढरी होते. काही क्षण काहीच घडत नाही. मग भोकाच्या कडेला लाल टिंब उमटतं, टिंबाची रेघ होते आणि ती डोळ्यांना दिसलेल्या तड्याच्या पुढं बोटभर सरकत जाते. पुष्कळदा दुसऱ्या बोल्टपाशी, जिथं कुणालाच शंका नव्हती तिथं, आणखी एक तांबडा केस उगवतो. लाल रेघ जिथं संपते त्याच्या किंचित पुढं भोक पाडायचं. टोक भोकाबाहेर राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून भोक पाडून झाल्यावर पुन्हा एकदा तोच रंगाचा प्रयोग करावा.

नंतर तड्याच्या लांबीभर इंग्रजी ‘व्ही’सारखी चर खोदायची, म्हणजे वेल्डिंग भिंतीच्या आरपार भरतं, नुसतं वरून सारवलं जात नाही. हातानं करणाऱ्यानं ७०१८ जातीची, भट्टीत कोरडी केलेली सळई वापरावी. दमट सळईतून हायड्रोजन धातूत शिरतो आणि वेल्डिंगशेजारी नवे तडे जातात. मिग मशीन असेल तर तेही चालतं, मात्र पत्रा आतपर्यंत वितळला पाहिजे. भरून झालं की वेल्डिंग भिंतीच्या पातळीत घासून घ्यायचं. हे सगळं जमतं कारण या हलक्या पिकअपच्या चासीचं पोलाद वेल्डिंगला सोयीचं आहे. मोठ्या मालट्रकच्या चासी बऱ्याचदा उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या असतात. तिथं हा प्रयोग करू नये. उष्णता लागली की तो कणखरपणाच जातो.

पट्टी आता येते आणि तिचा आकार हाच सगळ्या कामाचा जीव आहे. जाडी चासीइतकीच किंवा थोडी अधिक, पाचेक मिलिमीटर. लांबी बॉक्सच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी पुढं जाणारी. टोकं उभी कापलेली नकोत. माशाच्या शेपटीसारखी आत कापलेली किंवा लांबट निमुळती हवीत, म्हणजे चासी एका रेषेवर अचानक कडक न होता हळूहळू कडक होत जाते. वेल्डिंग शक्यतो चासीच्या लांबीच्या दिशेनं धावावं. पन्हळीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पाळीवर, विशेषतः पाळीच्या कडेला, आडवी शिवण घालायची नाही. उभ्या वजनाचा सगळ्यात मोठा ताण त्याच पाळ्यांत असतो आणि तिथली एक आडवी शिवण नव्या तड्याला आमंत्रण ठरते. एकदम लांब ओळ ओढू नये. थोडं इथं, थोडं तिथं करत, मध्ये थंड होऊ देत जावं. नाहीतर चासी केळ्यासारखी वाकते.

जमेल तिथं बॉक्सच्या मागची पन्हळ वीत-दोन वीत बंद करून पेटी करावी, साडेचारशे पटींचा हिशेब आठवून. पण पेटी केली की एक नवा प्रश्न उभा राहतो. बोल्ट आवळला की पेटीच्या दोन भिंती जवळ येतात, चेपतात, आणि आवळ कधी पुरा बसतच नाही. यासाठी प्रत्येक बोल्टभोवती जाड भिंतीची नळी, भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमक्या मापाची, आत घालून दोन्हीकडे वेल्ड करतात. मग बोल्टचा आवळ नळीवर बसतो. पेटीला खाली पाणी निघायला भोक ठेवायचं; मिठाचं पाणी आत साचलं तर पेटी आतून कुजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

या गाड्यांसाठी बाजारात तयार पट्ट्या मिळतात, आणि बॉक्सला चासीच्या समोरच्या बाजूशी जोडणारा आडवा दांडाही मिळतो. तो दांडा मला पट्टीइतकाच महत्त्वाचा वाटतो. भिंतीला उचकटणारा जोर तो भिंतीवर येऊच देत नाही, थेट चासीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पोचवतो. ज्यांनी गाडी उंच केली आहे, पस्तीस इंची टायर चढवले आहेत आणि ड्रॅग लिंकचा कोन सांभाळायला लांबलचक खाली झुकलेला ड्रॉप आर्म लावला आहे, त्यांनी तर आपला १५ सेंटिमीटरचा हिशेब लांब आर्म घालून पुन्हा करून बघावा. आर्म लांबला तेवढा पीळ वाढला. त्यांच्यासाठी नकलवरचा हात उंच करणं हाच सुज्ञ उपाय आहे.

शेवटी बोल्ट. जुने बोल्ट कितीही चांगले दिसले तरी परत लावायचे नाहीत; घासून त्यांचा मध्य बारीक झालेला असतो. अमेरिकन ‘ग्रेड ८’च्या बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा असतात, ‘ग्रेड ५’वर तीन, मेट्रिकमध्ये ‘ग्रेड ८’च्या तोडीचा आकडा १०.९. खाली कडक वायसर. वायसरच्या बैठकीवर रंगाचे थर ठेवू नयेत. रंग कालांतराने दबतो आणि बोल्ट सैल होतो. बोल्टचा खरा उपयोग कातर सोसण्यात नसून बॉक्स आणि चासी एकमेकांवर इतक्या जोरानं दाबून धरण्यात आहे, की घर्षणामुळं ते सरकूच नयेत. म्हणून अंदाजानं पाना ओढायचा नाही. गाडीच्या दुरुस्ती पुस्तकात दिलेला आकडा टॉर्क पान्यावर लावायचा आणि सगळे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत आळीपाळीनं आवळायचे.

खुणा जुळवून ड्रॉप आर्म चढवायचा, तेल भरायचं, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवून हवा काढायची, अलाइनमेंट करून घ्यायचं. आणि मग चासीच्या त्या भागाला पांढरा रंग द्यायचा, वायसरच्या बैठकी तेवढ्या सोडून. बाकी गाडीखाली सगळं काळं असताना हा पांढरा चौकोन विचित्र दिसतो खरा, पण पांढऱ्यावर गंजाची रेघ लपत नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून भिंतीवर उतरणारी एक पिवळी रेघही ओढून ठेवावी.

पाचेकशे किलोमीटर झाले की पुन्हा त्याच विजेरीनं, त्याच जागी पाठीवर पडायचं. चिखल पुसायचा. सगळ्या पिवळ्या रेघा बोल्टवर आणि भिंतीवर सरळ जुळलेल्या आहेत का बघायचं. एखादी केसभर सरकली असेल तर टॉर्क पाना लावून तो बोल्ट आवळून घ्यायचा आणि रेघ नव्यानं ओढायची. मग बाजूला येऊन कुणाला तरी इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवायला सांगायचं. ड्रॉप आर्म झुलतो, चाकं जमिनीवर घासत वळतात, आडवा दांडा ताण घेतो. पांढरी भिंत जागची हलत नाही.